वाचक क्रमांक बत्तीस

“अहो, तुम्हाला इथे कामासाठी बसवलंय, की ऑफिस जरा बरं दिसावं म्हणून?”

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि भिंगरीचे कान तापले. पैज गोटीने लावली होती, शब्द लांबडीने जुळवले होते, आणि आता त्या दोघी मैत्रिणी जिन्याच्या कठड्याआड तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. विचारायची हिंमत मात्र एकट्या भिंगरीची!

भिंगरी हे अर्थातच घरचं नाव. वय तेवीस, शिक्षण संपून वर्ष झालेलं, पण पोरगी एका जागी पाच मिनिटं बसली तर आई कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. आज ती अन्न परवाना कार्यालयात बाबांच्या सॉसच्या कारखान्याचा अर्ज द्यायला आली होती. अर्ज दोन मिनिटांत देऊन झाला. मग व्हरांड्याच्या टोकाची ही खोली दिसली, आणि खोलीत टेबलामागे बसलेला हा. कपाळावर केसांची एक बट, पुढ्यात ओळीने टोक केलेल्या सहा पेन्सिली.

तो हसला नाही. त्याने हातातल्या सेकंद मोजायच्या घड्याळाचं बटण दाबलं... टक्!

“चौदा सेकंद,” तो म्हणाला.

“काय?”

“दारापासून टेबलापर्यंत यायला लागली. उत्तर हवं असेल तर खुर्चीत बसावं लागेल. पाऊण तास. चहा मिळेल.” त्याने दाराकडे बोट केलं. दारावर कागद चिकटवला होता – ‘वाचक हवेत. मुदत महिनाअखेर.’

भिंगरी बसली. पैज तर जिंकली होती. मग कशाला बसली? ते तिलाही कळलं नाही.

“तुम्ही करता काय?”

“नियम मोजतो.”

“कशाने? फूटपट्टीने?”

आता मात्र त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. “अन्नात काय मिसळावं आणि किती मिसळावं, याचे नियम. एका वाक्यात ‘परंतु’ किती वेळा येतं, ‘वगळून’ किती वेळा, ते मोजतो. आणि उड्या.”

“उड्या?”

“कलम तुम्हाला तक्त्याकडे पाठवतं, तक्ता परिशिष्टाकडे, परिशिष्ट पुन्हा कलमाकडे. वाचणाऱ्याने मारलेली एकेक उडी मी लिहून ठेवतो. चाळीस जणांनी वाचलं की कळेल, नियम नक्की कुठे अवघड आहे. मग तो सोपा करून लिहिता येईल. तुम्ही बत्तिसाव्या.”

“आणि सगळ्यात लांब उडी मारणाऱ्याला बक्षीस काय?”

“चहा. सगळ्यांना सारखाच.”

त्याने एक कागद पुढे सरकवला. भिंगरीने फर्रकन सही ठोकली.

“वाचलं नाहीत तुम्ही.”

“तुमच्याकडे बघितलं. पुरे झालं.”

या वेळी कान त्याचे तापले. पण त्याने कागद उचलून तिला नीट वाचून दाखवला. चाळीस वाचनं पूर्ण होईपर्यंत मोजणारा कोणत्याही वाचकाला उत्तर बरोबर की चूक हे सांगणार नाही. खाली तिची सही, शेजारी त्याची.

मग टक्! घड्याळ सुरू.

प्रश्न होता : सॉस टिकावा म्हणून त्यात दोन प्रकारच्या पुडी एकत्र घालायच्या असतील, तर कोणती किती घालता येईल? भिंगरीला हसूच आलं. हे तर तिचं रोजचं काम! बाबांच्या कारखान्यात एक पूड निळ्या डब्यात असायची, दुसरी पिवळ्या डब्यात. तक्त्यात दोन्हींची मर्यादा दिली होती. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या पाऊण घातल्या की झालं, आणि वर पाव भाग राखून ठेवल्याचं समाधान! तिने उत्तर लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

“नऊ मिनिटं,” तो म्हणाला. “आत्तापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ.”

“असणारच! कारखान्यात नियम बघायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलंय. आम्हीही अगदी असंच करतो, पाऊण आणि पाऊण. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला सहाशे बाटल्यांचा ट्रक निघतोय. शाळांच्या उपाहारगृहांची ऑर्डर, आमची पहिलीच मोठी! माल उतरला की लगेच नमुना तपासतात. नापास झाला तर परवानाच रद्द. पण आमचा कसा होईल नापास? मी आहे ना!”

त्याच्या पेन्सिलीचं टोक कागदावर कट्कन मोडलं.

त्याने ते मोडकं टोक बाजूला झटकलं. मग हळूच म्हणाला, “पुन्हा एकदा... वाचून बघता का?”

“का? चुकलं का माझं?”

“ते मला सांगता येत नाही. सही केलीये. तुम्हीही, मीही.”

भिंगरी मनातल्या मनात टुणकन उडाली. बघा बघा! स्वारीला मला आणखी थोडा वेळ बसवून घ्यायचंय!

“उद्या वाचेन,” ती उठत म्हणाली. “आज माझी छत्री विसरायची राहिलीये इथे.”

तिने सोबत आणलेली छत्री खरोखरच त्याच्या खुर्चीला अडकवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी छत्री न्यायला गेली. तिसऱ्या दिवशी छत्री नेली म्हणून सांगायला गेली. गोटी म्हणाली, “अगं, तू जातेस कशी? बोलतो तरी का तो?”

बोलत होता. पण त्याचं बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं.

“शुक्रवार नक्की ना?”

“नक्की.”

“दहालाच?”

“तुम्हाला माझ्यापेक्षा त्या ट्रकचीच जास्त ओढ दिसतेय.”

त्यावर त्याने टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढायला घेतलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. खोलीत बसून वाचकांची वाट बघणं त्याने सोडून दिलं होतं. आता तो व्हरांड्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होता. “पाऊण तास द्याल? पाऊणच तास!”

“एवढी घाई कशाला? महिनाअखेरपर्यंत मुदत आहे की.”

“मला शुक्रवारच्या आत चाळीस हवेत.”

“का पण?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की भिंगरी पुढचा प्रश्नच विसरली. आणि तो वळून पुढच्या माणसाला अडवायला गेला.

मग काय, भिंगरीने कंबर कसली! दारावरच्या रखवालदाराला पकडून आणलं, तो तेहतिसावा. चहावाल्या मावशींना बसवलं, त्या चौतिसाव्या. मावशींनी दर ‘परंतु’ला एक सुस्कारा सोडला आणि शेवटी त्याला विचारलं, “लेका, हे लिहिणाऱ्याला घरी कोणी बोलू देत नव्हतं का रे?” परवाना घ्यायला आलेल्या तिघांना भिंगरीने गोड बोलून बसवलं. गोटी अडतिसावी. लांबडी एकोणचाळिसावी, आणि ती दुसऱ्या परिशिष्टावर चक्क डोकं टेकून झोपली.

या सगळ्या गडबडीत दोन पेल्यांतला चहा रोज निवायचा. तिच्यासाठी म्हणून एक पेन्सिल तो वेगळी काढून ठेवायचा, टोक सगळ्यात बारीक. एकदा कागद देताना बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही ‘सॉरी’ म्हटलं, आणि दोघांनीही हात मात्र मागे घेतला नाही... चार सेकंद तरी. या वेळी घड्याळ कोणी लावलं नव्हतं.

गुरुवार उजाडला आणि मावळतीला आला. पाच वाजता कार्यालय बंद झालं. आकडा एकोणचाळीस.

तो कागद छातीशी धरून रस्त्यावर उभा होता. पाऊस भुरभुरत होता आणि घरी जायच्या घाईतलं कोणीही थांबत नव्हतं. एकाने तर त्याला विमा विकणारा समजून हात जोडले. भिंगरीने त्याची बाही धरून त्याला बंद दुकानाच्या पत्र्याखाली ओढलं.

“तुम्ही मला काहीतरी सांगायचं टाळताय,” ती म्हणाली. पत्र्यावर थेंब ताडताड वाजत होते. “आठ दिवस बघतेय मी.”

“हो.”

“मग सांगा ना!”

त्याने हातातला ओला कागद चुरगळला. “उद्या,” तो म्हणाला. “उद्या दहाच्या आत सांगेन. काहीही झालं तरी.”

भिंगरी घरी गेली ती जमिनीपासून चार बोटं वरून! उद्या सांगणार म्हणजे काय सांगणार, हे काय वेगळं सांगायला हवं? पण मधेच एक प्रश्न पडायचा. असं गोड काही सांगणारा माणूस इतका घाबरलेला का दिसावा?

शुक्रवारी सव्वानऊला ट्रक दारात लागला. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन मोठी पातेली, बाटल्या भरायचं एक यंत्र, आणि भिंतींत मुरलेला टोमॅटो-व्हिनेगरचा वास. आई खोकी मोजत होती, बाबा दोरी बांधत होते. भिंगरीने आज तिसऱ्यांदा वेणी घातली होती.

तो आला. पळत आला. केसांतून पाणी गळत होतं, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. भिंगरी दोन पावलं पुढे झाली... आणि तो तिच्या बाजूने निघून सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

“काका, मला वाचायला एक माणूस हवाय. दहापर्यंत वेळ द्याल?”

“आत्ता?” आई कडाडली. “ट्रक दारात उभा आहे, आणि ह्याला वाचनालय सुचतंय! कोण रे तू?”

“मोजणीवाला आहे तो, आई,” भिंगरी पुटपुटली.

“असं होय! मग खोकी मोज म्हणावं, मी दमलेय.”

पण बाबा! बाबा म्हणजे बसच्या तिकिटाची मागची बाजू वाचणारा माणूस. औषधाच्या बाटलीतला कागद उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय गोळी घ्यायचे नाहीत. “वाचायचंच आहे ना? आण,” म्हणत ते पालथ्या क्रेटवर बसले. चष्मा पुसला. एकदा. पुन्हा एकदा.

टक्!

बाबांचं बोट पहिल्या ओळीवरून निघालं. मुंगीच्या चालीने. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. पावणेदहा.

“बाबा, सोपं आहे हो ते, मी सांगते–”

“नाही!” तो इतक्या जोरात ओरडला की यंत्रावरची बाटली हलली. “कोणीही काही सांगायचं नाही.”

भिंगरी चाट पडली. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. हातातल्या घड्याळावर बोटं पांढरी पडली होती, आणि नजर बाबांच्या बोटावर खिळलेली. बोट तक्त्यापाशी आलं. निळ्या डब्यातली पूड. पिवळ्या डब्यातली पूड. आणि तिथे ते थांबलं.

“ही बारीक चांदणी कसली रे इथे?”

बाबांनी पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, पुन्हा तीच चांदणी. बाबांनी मोठ्याने वाचलं :

“‘तक्त्यातील कोणतेही दोन पदार्थ एकत्र वापरल्यास, दोहोंचे आपापल्या मर्यादेतील हिस्से मिळून एकाहून अधिक होता कामा नयेत.’”

भोंगा पुन्हा वाजला. बाबांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

“म्हणजे एक पाऊण घातली, तर दुसरी पावच.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “भिंगरी, आपण निळ्या डब्यातली किती घालतो?”

“पाऊण.”

“आणि पिवळ्यातली?”

भिंगरीचे डोळे पिवळ्या डब्याकडे गेले.

“पाऊण,” आई म्हणाली. तिच्या हातातली दोरी सुटली. “अहो... दीड होतं ते.”

टक्. घड्याळ थांबलं. दहाला चार मिनिटं कमी होती.

खोकी चढली तशी एकेक करून उतरली. ट्रक रिकामा वळला. तो दिसेनासा व्हायच्या आत भिंगरी मोजणीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आठ दिवस! रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतात, आणि माहीत होतं!”

“चाळीस पूर्ण झाल्याशिवाय–”

“खड्ड्यात गेले तुमचे चाळीस! लहान पोरं खाणार होती तो सॉस! आज बाबांना ती चांदणी दिसलीच नसती तर?”

“दहाच्या ठोक्याला मी सांगणार होतो.”

“आणि ते मी खरं मानायचं? कशावरून?”

त्याच्याकडे उत्तर होतं. तसं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण त्याने ते दिलं नाही. बाबांकडे वळून एवढंच म्हणाला, “काका, यात त्यांची एकटीची चूक नाही. चाळिसांपैकी सदतीस जण याच चांदणीवरून पुढे गेले. जितके हुशार, तितके भराभर.” आणि पावसात निघून गेला.

भिंगरी बाबांच्या शेजारी क्रेटवर बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आईने येऊन कपाळाला हात लावला.

“रागवा ना, बाबा.”

“कशाला? तू वाचलंय म्हटल्यावर मी तरी कुठे वाचलं?” बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “पण यापुढे काही ठरवायचं असेल ना, तर आधी तळाची बारीक अक्षरं. मग ठरवणं.”

डोकं चालवलं ते आईने. जेवढा सॉस आहे, तेवढाच पुडी न घातलेला ताजा सॉस त्यात मिसळायचा. “दीडाचं पाऊण होईल. निम्मा माल या ऑर्डरला, निम्मा पुढच्या. रडायचं असेल तर टोमॅटो चिरता चिरता रड.” शाळांच्या माणसाने सोमवारपर्यंत मुदत दिली. तीन दिवस सगळे त्या पातेल्यांना चिकटून होते. गोटी आणि लांबडीने नवी लेबलं लावली. सोमवारी ट्रक गेला. आणि मंगळवारी सकाळी फोन आला. नमुना पास.

आई नाचली. बाबांनी फोनवरच्या माणसाला निकाल दोनदा वाचायला लावला. आणि भिंगरी? भिंगरीने चपला घातल्या. भांडायला. शुक्रवारचं भांडण अर्धं राहिलं होतं ना!

व्हरांड्याच्या टोकाची खोली बंद होती. दारावर नवा कागद होता – ‘वाचन पूर्ण झाले. अहवाल फलकावर.’

फलकावर चार पानं टाचली होती. भिंगरीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांसारखं. मुंगीच्या चालीने.

‘नियम किती लांब आहे यावरून तो किती अवघड आहे हे कळत नाही. अवघड वाटणाऱ्या ठिकाणी वाचक थांबतो आणि पुन्हा वाचतो. सर्वांत धोक्याची जागा ती, जिथे समजले असे वाटून तो पुढे जातो.’

बोट पुढे निघालं. ‘या मोजणीत एकोणचाळीस वाचकांचे वाचन धरले आहे.’

एकोणचाळीस? बाबा तर चाळिसावे होते!

आणि मग तिला ती दिसली. आकड्याच्या डोक्यावर, एवढीशी चांदणी. पहिल्या दिवशीची भिंगरी तिच्यावरून उडी मारून गेली असती. आजच्या भिंगरीने पान उलटलं. दुसरं उलटलं. चौथ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं :

‘वाचक क्रमांक ३२ चे वाचन वगळले आहे. त्या वाचनात दोष नाही. मोजणारा त्या वाचकाबाबत तटस्थ राहू शकला नाही. तसे त्याने शुक्रवारी सकाळी आठ वाजता कार्यालयास लेखी कळवले आहे.’

शुक्रवारी. सकाळी आठ. म्हणजे कारखान्यात यायच्या आधी! म्हणजे तो आला तेव्हा ती त्याची वाचकच नव्हती, आणि त्याच्यावर सहीचं बंधन उरलंच नव्हतं...

“तळटीप वाचलीत?”

तो मागे उभा होता. हातात पेन्सिलींचा डबा, त्यावर घड्याळ.

“मग सरळ का नाही सांगितलंत येऊन?” तिचा आवाज भांडणाचा होता, डोळे नव्हते. “आठलाच मोकळे झाला होतात!”

“मी सांगितलं असतं, तर बाहेरच्या माणसाने येऊन लेकीची चूक काढली, असं झालं असतं. काकांनी स्वतः वाचलं, तर नियमाची चूक दिसेल असं वाटलं. दहाच्या आत नसतं दिसलं, तर ट्रकसमोर आडवा पडणार होतो.”

“आणि पहिल्याच दिवशी माझं नाव का नाही वगळलंत?”

“वगळण्याचं कारण लिहावं लागतं.” तो पेन्सिलींकडे बघत म्हणाला. “वाटलं, चाळीस पूर्ण होतील, मग कारण लिहायची वेळच येणार नाही. भित्रेपणा केला. तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं.”

“मग तुमचे साहेब काय म्हणाले?”

“सहा महिने मोजणी बंद. फायली लावायच्या.”

व्हरांड्यात मावशींचे पेले किणकिणत होते. भिंगरीने त्याच्या डब्यावरचं घड्याळ उचलून घेतलं.

“एक सांग,” ती म्हणाली. ‘सांगा’ नाही, ‘सांग’. त्याने चमकून वर पाहिलं. “मोजणारा नक्की केव्हा तटस्थ राहिला नाही? तुला सगळ्याची नोंद असते ना?”

“आहे.” तो हळूच हसला. तिने पाहिलेलं त्याचं पहिलं पुरतं हसू. “चौदाव्या सेकंदाला. तुम्ही... तू टेबलापाशी पोचलीस तेव्हा.”

त्या दिवशीही चहा निवला.

दुपारी कारखान्यात आई पातेलं ढवळत होती आणि बाबा नव्या लेबलावरचा मजकूर तपासत होते. भिंगरी दारात उभी राहिली. एका जागी. अजिबात न हलता. आईने लगेच ढवळणं थांबवलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय.”

“परत कुठल्या डब्यातलं काय वाढवलंस?” आई म्हणाली.

“तो मोजणीवाला. मी त्याच्याशी लग्न करणार आहे. आज नाही, उद्या नाही. वर्षभर त्याला नीट ओळखून मग. पण करणार त्याच्याशीच.”

आई पळी हातात धरून तशीच उभी. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अगं, तू नऊ मिनिटांत वाचणारी पोरगी,” ते म्हणाले. “नीट बघितलंस ना सगळं?”

“शेवटच्या पानापर्यंत, बाबा,” भिंगरी म्हणाली. “या वेळी तळटीप वाचूनच ठरवलंय.”